शिकून खेळतो म्हणणाऱ्यास

जुगार वाईट, हे काळेवाडीत कोणाला शिकवावे लागत नाही. ज्या घरात तो शिरला त्या घरातल्या बाईला तर मुळीच नाही. तिच्या कानातले गेले त्या दिवशीच तिचे प्रवचन ऐकून झाले. तरी आम्ही सांप्रदायिक मंडळी तेच सांगत राहतो. सप्ताहात एखाद्या रात्री धर्मराजाचा दृष्टांत येतो, द्रौपदीच्या वस्त्रहरणापाशी मंडप हळहळतो, टाळ वाजतात. समोर बसलेला पंचविशीतला मुलगा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, हे माझ्याविषयी नाही. मी जुगार खेळत नाही. मी खेळ शिकतो आहे.

हा लेख त्या शेवटच्या वाक्याविरुद्ध आहे. बुडालेल्या माणसाविरुद्ध लिहिण्यात काही पुरुषार्थ नाही, त्याला बोल लावणारे घरोघर आहेत. पण हे वाक्य बुडण्याच्या आधीचे आहे, ते शहाण्या मुलाच्या तोंडी येते, आणि त्याला आमच्या कीर्तनात उत्तर नाही म्हणून ते जिंकते.

मला ते ज्याने ऐकवले तो काल्याच्या पंगतीत वाढायला होता. चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर ऑपरेटर. निर्व्यसनी, आईबरोबर एकादशी धरणारा. पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा करता करता म्हणाला, "काका, तीन पत्ती नशिबाची. रमीतही निम्मं नशीब. ब्लॅकजॅक तसा नाही, तो गणिताचा आहे. अमेरिकेत एका प्रोफेसरनं पुस्तक लिहून सिद्ध केलंय. एक तक्ता असतो, तो पाठ झाला की झालं. मी फोनवर फुकटात सराव करतो, एक रुपया लावत नाही. माझी नव्वद टक्के उत्तरं बरोबर यायला लागलीत." दिवाळीच्या सुट्टीत चौघे मित्र वाकडहून रात्रीची बस धरून गोव्याला जाणार होते.

या मुलाला "बाळा, धर्मराज बुडाला" एवढे सांगून भागत नाही. तो म्हणेल, धर्मराजाला खेळता येत नव्हते. आणि ते खरे आहे. सभापर्वात शकुनीच सांगतो की कुंतीच्या या मुलाला फाशांची आवड फार, पण खेळण्याचे ज्ञान नाही, आणि बोलावले तर नाही म्हणवणार नाही. आमचा मुलगा म्हणतो, मी ज्ञान मिळवूनच जातो. प्रोफेसरचीही गोष्ट खोटी नाही. तेव्हा उत्तर द्यायचे तर त्याच्याच तक्त्यात शिरून द्यावे लागेल. वाचकांनी थोडे पत्त्यांचे बोलणे सोसावे.

आपल्याकडे घरात 'एकवीस' म्हणून जो डाव खेळत, त्याचाच हा परदेशी थोरला भाऊ. पत्त्याची किंमत त्याच्यावरच्या आकड्याइतकी. गुलाम, राणी, राजा यांची दहा. एक्का एक किंवा अकरा, जसा सोयीचा. आधी दोन पत्ते मिळतात, हवे तर आणखी मागायचे. एकवीसच्या जितके जवळ तितके बरे, ओलांडले की बुडाले. समोर कॅसिनोचा वाटणारा असतो, त्याचा एक पत्ता उघडा. त्याला स्वतःची अक्कल चालवायची मुभाच नाही: बेरीज सोळापर्यंत असेल तर पत्ता घ्यायचा, सतरा झाली की थांबायचे. अक्कल फक्त तुम्ही चालवायची. नवशिक्याला इथेच भुरळ पडते. समोरचा बांधलेला, मी मोकळा, मग वरचढ मीच.

मग मालक जेवतो कशावर? एका बारीक गोष्टीवर, जी तक्त्यात छापलेली नसते. पत्ता आधी तुम्ही मागता. तुम्ही एकवीस ओलांडले की तुमचे पैसे त्याच क्षणी उचलले जातात. नंतर वाटणाराही बुडाला, तरी तुमचे परत येत नाहीत. वाटणारा शंभरात साधारण २८ हात बुडतो. तुम्ही हुबेहूब त्याचाच नियम पाळून खेळलात तर तुम्हीही तितकेच बुडता, आणि जिथे दोघे बुडता तो प्रत्येक हात त्याचा. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला तर तुम्हाला दीडपट मिळते, ती भर धरूनही लावलेल्या शंभर रुपयांमागे साडेपाच रुपयांच्या आसपास त्याच्याकडे सरकतात. लबाडी कुठेही नाही. पत्ते स्वच्छ पिसलेले, वाटणारी मुलगी हसतमुख, वर कॅमेरे. नियमांचा क्रम एवढा एकच पुरतो.

आता तक्ता. १९५६ साली अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या चार गणिती तरुणांनी टेबलावरची आकडेमोडीची यंत्रे घेऊन प्रत्येक हाताचा हिशेब केला आणि कोणत्या बेरजेला काय करावे हे संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापले. आज फोनवर शिकवतात तो तक्ता त्याच कामाची सुधारलेली नक्कल आहे. तो तोंडपाठ करून एकही चूक न करता खेळणारा माणूस, नियम चांगले असतील तर, शंभरामागे अर्ध्या रुपयाच्या आसपास हरतो. साडेपाचाचा अर्धा झाला, हे थोडे नाही. पण वजाबाकीची बेरीज झाली नाही. आणि हे नियम चांगले असतील तर. कित्येक टेबलांवर त्या एक्का-दश्शीच्या हातावर दीडपटीऐवजी पाचास सहा देतात, म्हणजे पाचशेवर साडेसातशेऐवजी सहाशे. हा हात साधारण एकवीसात एकदा येतो. तेवढ्या एका बदलाने शंभरामागे आणखी सव्वा-दीड रुपया जातो. मुलाने चार महिने तक्ता घोकून जे वाचवले त्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक मालकाने एका छापील ओळीत परत घेतले.

तक्ता नेमके काय शिकवतो तेही पाहावे. तुमची बेरीज सोळा, समोर वाटणाऱ्याचा दहा. थांबलात तर शंभरात ७७ च्या आसपास वेळा हरता. पत्ता घेतलात तर तेरा जातींतल्या आठ जाती तुम्हाला तिथेच बुडवतात. दोन्हींतला फरक इतका सूक्ष्म की तो काढायला यंत्र लागले. तक्ता म्हणतो, पत्ता घ्या. मुलगा पत्ता घेतो, बुडतो, आणि फोनवर हिरवी खूण येते: बरोबर! नव्वद टक्के बरोबर म्हणजे हे. पैसे गेले, उत्तर बरोबर आले. शाळेत बरोबर उत्तराला गुण मिळतात, इथे बरोबर उत्तराला थोडे कमी मारतात.

त्यांनी शब्दही किती आपुलकीचे ठेवले आहेत. वाटणाऱ्यापुढे एक्का उघडा पडला की विचारतात, इन्शुरन्स घेणार? विम्याचा हप्ता भरणाऱ्या कामगाराला हा शब्द ओळखीचा, समजूतदार वाटतो. हप्ता लावलेल्या पैशाच्या निम्मा. वाटणाऱ्याचा झाकलेला पत्ता दहाचा निघाला तर हप्त्याच्या दुप्पट मिळते. तेरा जातींत दहाच्या जाती चार. तेरा वेळा हा विमा घ्या: चार वेळा दोन-दोन मिळून आठ आले, नऊ वेळा एक-एक मिळून नऊ गेले. एवढे गणित पाचवीतला पोरगा करील. पण रात्री एक वाजता, जेवण आणि दारू प्रवेशाच्या पैशातच धरलेली असताना, भोवती दिवे आणि गाणी असताना पाचवीतला पोरगाही ते करणार नाही. विवेकाला जागा लागते. ती जागा आधी काढून घेतात, मग अक्कल चालवायला सांगतात.

राहिला प्रोफेसर. एडवर्ड थॉर्प हे गणिताचे प्राध्यापक, त्यांचे पुस्तक १९६२ साली आले. निघून गेलेले पत्ते लक्षात ठेवले, उरलेल्यांत दहा आणि एक्के जास्त असतील तेव्हाच मोठी रक्कम लावली, तर पारडे खेळणाऱ्याकडे किंचित झुकते, हे त्यांनी खरोखर दाखवले. मग काय झाले? खेळघरांनी एका जोडाच्या जागी सहा-सहा, आठ-आठ जोड एकत्र पिसायला सुरुवात केली. मोजणारा ओळखू आला की त्याला नम्रपणे उठवू लागले. ही गोष्ट मुलाला कोणी पुरी सांगत नाही. जो खरोखर शिकला त्याला दार दाखवतात, आणि जो अर्धा शिकला त्याला पुढच्या वेळी खोली फुकट देतात. कोणते शिक्षण मालकाला परवडते हे यावरून समजावे. ज्या शाळेत पहिला नंबर काढला की नाव काढून टाकतात, ती शाळा कोणाच्या भल्यासाठी चालली असेल?

आता त्या मुलाची एक रात्र मांडू. समजा प्रत्येक हाताला पाचशे रुपये, तासाला साठ हात, पाच तास. तीनशे हात झाले, टेबलावरून दीड लाख रुपये फिरले. तक्ता निर्दोष पाठ असेल तर सरासरी तोटा साडेसातशे. नवशिक्या शंभरामागे दोन रुपये चुकतो असे धरले, तर तीन हजार. पण ही झाली सरासरी. पत्त्यांचा चढउतार एवढा मोठा की कुठल्याही एका रात्री निकाल सरासरीच्या दहा हजार वर किंवा दहा हजार खाली सहज जातो. म्हणून नवशिक्यादेखील शंभरातल्या ३५ ते ४० रात्री पैसे जिंकून उठतो.

माझ्या मते सगळे विष या आकड्यात आहे. पहिल्याच रात्री सगळे हरले असते तर हा धंदा एका वर्षात बुडाला असता. चौघे मित्र जातात, त्यांतला एखादा-दुसरा जिंकून येतो, आणि बसमध्ये परत येताना तो गुरू होतो. तो म्हणतो, मी तक्ता नीट पाळला, तुम्ही पाळला नाही. खरे तर एका रात्रीत पाळल्या-न पाळल्याचा फरक सव्वादोन हजारांचा, आणि चढउतार त्याच्या चौपटीहून मोठा. कोण शिकला आणि कोण नाही हे त्या रात्रीवरून कळणे शक्यच नाही. पण हरलेले तिघे त्याचे ऐकतात, पुन्हा घोकतात, पुन्हा जातात. अशा पन्नास रात्री झाल्या की त्याच नवशिक्यांपैकी पुढे राहिलेले शंभरात दोनच्या आसपास उरतात. तोपर्यंत कोण मोजत बसले आहे?

या पट्ट्यातल्या मुलांना हे वाक्य इतके का पटते, याचे कारण त्यांच्या दोषात नाही, गुणात आहे. नवा मुलगा मशीनवर उभा राहतो, पहिल्या महिन्यात त्याचे जॉब रिजेक्ट होतात, सुपरवायझर बोलतो. मग कानाला टूलचा आवाज कळू लागतो, हाताला माप कळू लागते, सहा महिन्यांत तो सेटिंग करतो. शिकले की जमते, हा त्याचा अनुभव आहे. त्याच्यावर त्याचे घर उभे आहे. गावाकडून लातूर-सोलापूरहून आलेल्या बापाने हेच एक भांडवल त्याला दिले. पखवाजाचेही तसेच. बोल बसेपर्यंत बोटे दुखतात, बसले की भजन उभे राहते. लोखंड आणि शाई शिकणाऱ्याशी वैर धरत नाहीत. ब्लॅकजॅकचे टेबल मात्र असे मशीन आहे की जगातल्या सर्वांत कुशल ऑपरेटरनेही त्यावर जॉब काढला तर तो मापापेक्षा कमीच निघावा, असे ते आधीच सेट करून ठेवले आहे. कष्टाने शिकणाऱ्याची श्रद्धा त्या टेबलावर वापरून घेतात. आळशी माणसाला मटक्याचा आकडा पुरतो. तक्ता कष्टाळू माणसासाठी आहे, आणि म्हणून मला तो मटक्यापेक्षा वाईट वाटतो.

तसे मटकेवाल्यांनीही शिक्षण विकलेच होते. साठीच्या दशकापासून गिरणगावात ओपन-क्लोजचे जुने आकडे वहीत उतरवून त्यांत 'लाइन' शोधणारे अभ्यासू लोक चाळीचाळींत होते. त्यांना कोणी अडाणी म्हणू नये. फार बारकाईने अभ्यास करीत. मडक्यातून निघणाऱ्या आकड्याला मागच्या आकड्याची आठवण नसते, एवढेच त्यांच्या अभ्यासातून सुटले होते.

इथे वकिली बुद्धीचा माणूस पुढे येतो. म्हणतो, कायदाच कौशल्याचा खेळ वेगळा मानतो. मानतो. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या एका प्रकरणात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले, कारण पडलेले पत्ते ध्यानात ठेवावे लागतात. रमीच्या जाहिरातींनी या निकालाचा वर्षानुवर्षे झेंडा केला. त्याच निकालात पुढे असेही आहे की जागेचा मालक किंवा क्लब त्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. झेंड्यावर हे वाक्य कधी कोणी छापले नाही. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. माझ्या मते ते योग्य झाले. चोराने कुलूप कौशल्याने उघडले की नशिबाने, हे घरधन्याला विचारायचे नसते. पण त्या कायद्याने शिकवणी थांबली नाही. पैसे न लावता सराव करून देणारे ॲप चालूच आहेत, आणि खरे टेबल एका रात्रीच्या अंतरावर मांडवीत तरंगते आहे.

त्या तरंगत्या टेबलांविषयी एक गोष्ट आपल्या मुलांनी विचारात घ्यावी. फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने गोव्याच्याच रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. ज्यांनी दुकान मांडू दिले त्यांनी आपल्या लेकरांना त्या दुकानात जाऊ नका म्हटले. मग माल कोणासाठी मांडला आहे? आपल्या राज्यातही १९७६ चा कॅसिनोंना परवाने देण्याचा एक कायदा कधी अंमलात न येता पडून होता. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. सरकारला फार पुण्य देऊ नये, राज्याची लॉटरी १९६९ पासून चालू आहे. तरी दार बंद झाले ते बरे झाले.

आता आमच्यातल्यांशी बोलतो. पहिली गोष्ट, गीतेचा आधार घेणारे. विभूतियोगात भगवंतांनी छळ करणाऱ्यांत मी द्यूत आहे असे म्हटले, तेव्हा द्यूतही देवाचेच रूप, असे पारावर बसून हसत सांगणारे माळकरी मी पाहिले आहेत. त्यांनी त्या ठिकाणची ज्ञानेश्वरी उघडावी. माउली तिथे द्यूताची थोरवी गात नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की ही भर चौकातली चोरी आहे आणि तरीही ती कोणाला अडवता येत नाही. मला तर मांडवीतल्या त्या दिव्यांचे याहून नेमके वर्णन कुठे सापडले नाही. सगळे समोर, नियम भिंतीवर लावलेले, पावती हातात, आणि चोरी झालेली.

दुसरी गोष्ट, आमचे कीर्तनकार. ते धर्मराजाची कथा वस्त्रहरणाशी आणून सोडतात, कारण तिथे रंग भरतो. वनपर्वात शिरत नाहीत. शिरावे. तिथे बृहदश्व ऋषी धर्मराजाला नळाची कथा सांगतात. नळ फाशांत राज्य हरला, ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे एका दृष्टीत मोजून दाखवली. नळाने त्याला आपली अश्वविद्या दिली आणि बदल्यात मोजण्याची ती विद्या, अक्षहृदय, घेतले. त्या विद्येने त्याने पुष्कराकडून राज्य परत जिंकले. आमच्या मुलाला ही कथा सांगितली तर तो उड्या मारील: बघा, शिकला आणि जिंकला! पण पुढे वाचावे. नळ एक डाव खेळला, हरलेल्या भावाला त्याचे त्याला देऊन क्षमा केली, आणि पुन्हा फाशांकडे गेल्याचे महाभारत सांगत नाही. कथा संपल्यावर बृहदश्वांनी धर्मराजालाही अक्षहृदय दिले. म्हणजे धर्मराज पुढे शिकला! जगातली सर्वांत उत्तम शिकवणी त्याला मिळाली. त्या विद्येचे त्याने काय केले? विराटाच्या दरबारी कंक नाव घेऊन राजाची करमणूक करायला नोकरीस राहिला, आणि एके दिवशी त्याच राजाने चिडून फासा फेकून मारला, नाकातून रक्त आले, सैरंध्रीने ते पात्रात धरले. राज्य परत आले ते कुरुक्षेत्रावर, पटावर नव्हे. धर्मराज अडाणी होता म्हणून बुडाला, एवढेच कथन आमचे मुलगे ऐकतात आणि शहाणे व्हायला निघतात. चूक त्यांची नाही, अर्धी कथा सांगणाऱ्यांची आहे.

तिसरी गोष्ट अधिक कडू आहे. गणपतीच्या मांडवात जागरण म्हणून रात्रभर पत्ते चालतात, पहिल्या रात्री नुसते, तिसऱ्या रात्री दहा-दहा रुपयांनी. त्याच मांडवात सकाळी हरिपाठ होतो. आम्ही डोळे मिटतो कारण पोरे मंडपाचे काम करतात. आणि ज्याने कुठल्याशा क्लबातून पैसा केला आहे त्याने अन्नदानाची एक पंगत उचलली की त्याचे नाव फलकावर, नारळ त्याच्या हातात. मग समोरचा मुलगा काय शिकणार? तक्ता तर तो फोनवरून शिकतो, पण जिंकलेल्या पैशाला मान असतो हे त्याला आम्ही शिकवतो.

याला बळ देणारी गोष्ट आपल्याच शहरात घडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये, क्रिकेटचा विश्वचषक चालू असताना, पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाने मोबाइलवर संघ निवडायच्या खेळात दीड कोटी रुपये जिंकले. वरिष्ठांनी चौकशी करून त्यांना निलंबित केले. काळेवाडी फाट्यापासून रहाटणीपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर मी त्या दिवसांत जे ऐकले त्यात निलंबन क्वचित होते, दीड कोटी सारखे होते. आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेले: त्याचा अभ्यास होता. जिंकलेला एक दिसला की अभ्यास दिसतो. त्याच रात्री तोच अभ्यास करून हरलेल्या लाखोंची नावे कुठल्या वर्तमानपत्रात येणार?

कोणी म्हणेल, वारकऱ्यांना खेळाचेच वावडे. तसे अजिबात नाही. तुकोबांच्या गाथेत फुगडी आहे, हुतुतू आहे, हमामा आहे, विटीदांडू आहे. वाटेवर रिंगण धावते तेव्हा सत्तरीचा म्हातारा उड्या मारतो. या खेळांत दमतो तो आपण, आणि खेळ संपला की कोणाच्या घरातले काही कमी झालेले नसते. मुलांनी घरी एकवीस खेळावा, मेंढीकोट खेळावे, बदाम सात खेळावे. पत्ता पाप नाही. पत्त्यामागे मालक उभा राहिला, त्याने त्याचा वाटा आधी नियमात शिवून ठेवला, आणि मग तुला म्हणाला की ये, शिक, तुझ्या हुशारीवर आहे सगळे, तिथे माझी हरकत सुरू होते.

तुकोबांविषयीची जी कथा देहूत आजही सांगतात ती इथून फार लांबची नाही, पवना सोडून इंद्रायणीवर जायचे एवढेच. दुष्काळानंतर लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते त्यांनी भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची डोहात सोडून दिली. हक्काचे येणेही नको म्हणणारा हा माणूस आमचा दैवत. आणि त्याच्याच पालखीला पिंपरीत उभे राहून हात जोडणारी आमची मुले रात्री फोनवर अंगठा टेकवून स्वतःच्या नावाची खते लिहून देतात; आता ती सही न करता, तीन मिनिटांत मंजूर होतात. वसुलीचा फोन मात्र आईला येतो, कारण सगळ्यांचे नंबर त्या ॲपने आधीच उतरवून घेतलेले असतात.

येत्या सप्ताहासाठी मी मंडळापुढे एक सूचना ठेवली आहे आणि तीवर वाद चालू आहे. एका दुपारी, प्रवचनाच्या वेळेत, मंडपात पत्त्यांचे सहा जोड आणि चिंचोक्यांची टोपली ठेवावी. ज्या मुलांना तक्ता पाठ आहे त्यांनी बसावे, तक्ता समोर उघडा ठेवायला हरकत नाही. प्रत्येकाला शंभर चिंचोके. कॅसिनोचे नियम जसेच्या तसे, वाटायला मी बसेन. चिंचोके संपले तर पुन्हा घ्यावेत, पण प्रत्येक वेळी वहीत लिहून. आणि आठही दिवस तोच डाव चालू ठेवावा, वही रोज संध्याकाळी हरिपाठानंतर सर्वांसमोर वाचावी. एक-दोन ज्येष्ठ म्हणतात की मंडपात पत्ते आणणे शोभत नाही. मी त्यांना म्हटले, पत्ते मंडपात आहेतच, प्रत्येकाच्या खिशात आहेत. आपण फक्त वही आणतो आहोत. त्या चाकणच्या मुलाने वही लिहायचे कबूल केले आहे. त्याची तिसरी पाळी असली तर त्याची आई लिहिणार आहे.